नोकरी सुटताना कागदावरचा इंग्रजी शब्द

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘नोकरीसाठी इंग्रजी’ असा विषय दिला होता. नोकरी मिळवण्याचे इंग्रजी शिकवणारे क्लास आता गल्लोगल्ली निघाले आहेत. अर्ज कसा करावा, मुलाखतीच्या खोलीत शिरताना काय म्हणावे, हे ते पैसे घेऊन शिकवतात. पण नोकरी जाताना लागणारे इंग्रजी कोणी शिकवत नाही. ते दारावर येते तेव्हा हातात टाइप केलेला एक कागद असतो, समोर साहेब असतो आणि सहीसाठी पेन पुढे केलेले असते. डिक्शनरी बघायला त्या वेळी कोणी वेळ देत नाही. म्हणून आज मी विषय थोडा वळवून घेतला आहे, त्याबद्दल अध्यक्षांची माफी मागतो.

आधी आपली मराठी पाहा. घरी आल्यावर आपण काय सांगतो? ‘नोकरी सोडली’ म्हणजे माझ्या मनाने. ‘नोकरी गेली’ म्हणजे दैवाने. ‘कामावरून काढले’ म्हणजे मालकाने. ‘कमी केले’ म्हणजे माझा दोष नव्हता, माणसेच जास्त झाली होती. आणि ‘नोकरी सुटली’ म्हटले की काहीच कळत नाही! सोडली की सोडवली, हे झाकायला तो शब्द फार सोयीचा आहे. आमच्या चाळीत निम्म्या लोकांची नोकरी ‘सुटलेली’ होती. बायकोने पुढे विचारू नये, एवढाच त्याचा अर्थ. घरात असा झाकलेला शब्द चालतो. कागदावर मात्र कोणाच्या मर्जीने नोकरी संपली हे लिहिलेलेच असते आणि त्यावरून पुढचा पैसा ठरतो. तो कागद आजही बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतो.

दुसरा शब्द ‘राजीनामा’. हा फारसीतून आलेला. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. मी राजी आहे असे लिहून दिलेला कागद तो राजीनामा. हिंदीत आजही कोर्टातल्या तडजोडीला राजीनामा म्हणतात आणि नोकरी सोडण्याला इस्तीफा. आपण मराठीत तो नोकरीला लावला. लावला तो बरोबरच लावला, कारण इंग्रजीतल्या रेझिग्नेशनचा गाभाही तोच आहे: मी माझ्या खुशीने सोडतो. जो राजी नाही त्याने त्या कागदावर सही करू नये. एवढे साधे वाक्य मला कळायला किती उशीर झाला, ते सांगतो.

मी १९७८ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका इंजिनियरिंग कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागलो. पर्सोनेल खात्यात बसत असे. वस्तीतून इंग्रजी टायपिंग येणारा मी पहिलाच, त्यामुळे घरी-दारी कौतुक होते. १९८७ साली कारखान्यात १८०च्या आसपास माणसे होती. काम कमी झाले होते. एका दुपारी साहेबांनी मला बोलावून एक मजकूर सांगितला आणि तो स्टेन्सिलवर कापायला लावला. नावाची जागा मोकळी, तारखेची जागा मोकळी. मजकूर असा: ‘आय हिअरबाय टेंडर माय रेझिग्नेशन फॉर माय पर्सनल रीझन्स विथ इमिजिएट इफेक्ट.’ म्हणजे, माझ्या वैयक्तिक कारणांसाठी मी ताबडतोब अमलात येणारा राजीनामा देत आहे. सायक्लोस्टाइलवर त्याच्या त्रेचाळीस प्रती निघाल्या. त्रेचाळीस माणसांची वैयक्तिक कारणे एका स्टेन्सिलवर!

सही घेण्यासाठी एकेकाला आत बोलावत होते. बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारचे मामा बसले होते. सतरा वर्षांची नोकरी, फर्नेसवर काम. कागद हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘काय लिहिलंय रे यात?’ मी म्हणालो, ‘हिशेबाचा कागद आहे मामा, करा सही.’ मी खोटे बोलायचे म्हणून बोललो नाही. साहेबांनी मला तेच सांगितले होते आणि मला स्वतःला त्या वाक्यातला फरक ठाऊक नव्हता. टायपिंग चाळीसच्या स्पीडने येत होते, वाचणे येत नव्हते असे म्हणा ना. मामांनी सही केली.

आता त्या एका शब्दाने काय झाले ते पाहा. तेव्हाचा कायदा म्हणजे १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. त्यात ‘रिट्रेंचमेंट’ म्हणून एक शब्द होता. आपण त्याला कपात म्हणतो, कोणी छाटणी म्हणतो. शिक्षा म्हणून नव्हे तर इतर कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची नोकरी संपवली, तर ती रिट्रेंचमेंट. स्वेच्छेने निवृत्ती, ठरलेल्या वयाची निवृत्ती, कायमचे आजारपण अशा थोड्या गोष्टी त्यातून वगळलेल्या होत्या. ज्याची सलग एक वर्षाची नोकरी झाली आहे, त्याला कपात करताना लेखी नोटीस किंवा तिचा पगार द्यायचा आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. मामांची सतरा वर्षे. सतरा गुणिले पंधरा, दोनशे पंचावन्न दिवसांचा पगार, म्हणजे जवळजवळ साडेआठ महिने घर चालले असते. ही रक्कम ग्रॅच्युइटीहून वेगळी. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षे भरली की राजीनामा दिला तरी मिळते, ती त्यांना मिळालीच. साहेब तिच्याकडे बोट दाखवून म्हणत होते, बघा, कंपनीने तुमचा पै न् पै दिला.

आणखी एक गोष्ट मला पुढे कळली. १९७६ मध्ये कायद्यात असे घातले गेले की मोठ्या कारखान्यात कपात करायची तर आधी सरकारची परवानगी हवी. तेव्हा मोठा म्हणजे तीनशे कामगारांचा. १९८२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा शंभरावर आणली आणि ती १९८४ पासून लागू झाली. आमचा कारखाना १८० चा. कपात म्हटले असते तर परवानगी मागावी लागली असती, तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागली असती. त्रेचाळीस जणांनी ‘वैयक्तिक कारणांसाठी’ राजीनामे दिले, तर परवानगी कशाची मागायची? त्या स्टेन्सिलचे काम ते होते.

मामा आणि आणखी पाच-सहा जण लेबर ऑफिसात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने एकच विचारले, ‘ही सही तुमची का?’ मामा खरे बोलणारा माणूस. म्हणाले, ‘माझीच.’ दबावाने घेतलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे असे कोर्टात मांडता येते. पण दबाव होता हे सिद्ध कामगाराने करायचे. त्यासाठी तारखा, वकील, खाडे. मामांनी दोन तारखांनंतर नाद सोडला आणि गोदीत नाक्यावरची हमाली धरली.

आता काळ बदलला आहे, त्याबरोबर कायद्याचे नावही. २०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९४७ चा कायदा गेला. पण रिट्रेंचमेंट हा शब्द राहिला आहे, पंधरा दिवसांचा हिशेबही राहिला आहे. परवानगीची मर्यादा मात्र पुन्हा तीनशेवर नेली. शिवाय कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार एका कौशल्य निधीत भरायचा आणि तो कामगाराच्या खात्यावर यायचा, अशी नवी तरतूद आहे. वर्षभरात त्या जागी पुन्हा भरती झाली तर कपात झालेल्याला आधी विचारायचे, असेही आहे. हे सगळे ‘रिट्रेंच्ड’ या शब्दाला चिकटलेले आहे. ‘रिझाइन्ड’ लिहिले की हे सगळे गळून पडते. २००५ पासून राज्य कामगार विमा महामंडळाने बेकार झालेल्या विमाधारकांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली, तिच्यातही भत्ता ठेवला तो कारखाना बंद पडल्याने, कपातीने किंवा अपंगत्वाने बेकार झालेल्यांसाठी. राजीनामा दिलेल्याला तिथे जागा नाही.

तरुण मुले वर्गात एक शब्द फार वापरतात: ‘ले-ऑफ’. वर्तमानपत्रात रोज येतो. जानेवारी २०२३ मध्ये गूगलच्या मालक कंपनीने, अल्फाबेटने, बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा सगळीकडे ले-ऑफ हाच शब्द होता. अमेरिकेत आज त्याचा अर्थ नोकरी कायमची गेली असाच घेतात. आपल्या कायद्यातला ले-ऑफ मात्र निराळा. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, मशीन मोडले, माल साठून राहिला, म्हणून मालक आज काम देऊ शकत नाही. पण तुमचे नाव मस्टरवर आहे आणि तुम्हाला कमी केलेले नाही. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वर्षभर नोकरी झालेल्याला या काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते, बदली कामगाराला नाही. आणि ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा गेटवर हजर व्हावे लागते. आता गंमत बघा. अमेरिकन अर्थ डोक्यात ठेवून एखादा कारखान्यातला मुलगा ‘मला ले-ऑफ दिला, नोकरी संपली’ असे समजून गावी निघून गेला, तर निम्मा पगार तर बुडेलच, वर गैरहजेरीचे पत्र घरी येईल. त्या पत्रात शब्द असतो ‘अबॅन्डनमेंट’. म्हणजे तुम्हीच नोकरी टाकून गेलात. शब्द मालकाच्या बाजूचा होता, तो तुमच्या बाजूचा होऊन बसला.

‘लॉक-आऊट’ आणि ‘क्लोजर’ यांतही असाच घोटाळा होतो. लॉक-आऊट म्हणजे टाळेबंदी, भांडणातला डाव. कुलूप उघडू शकते. क्लोजर म्हणजे कारखाना कायमचा बंद, आणि त्यालाही भरपाई असते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत अजून म्हणतात, ‘संपात नोकरी गेली.’ संपाने नोकरी जात नाही. गिरणी बंद झाली, की संपानंतर परत घेतले नाही, की हिशेब घेऊन सही केली, हे तिन्ही वेगळे. म्हाताऱ्या माणसांच्या पेट्यांतले कागद काढून वाचा, एकेका घराचा वेगळा इतिहास निघेल.

शिक्षेचे शब्द आता थोडक्यात. ‘सस्पेन्शन’ म्हणजे निलंबन. नोकरी गेलेली नाही, चौकशी चालू आहे. कारखान्यात पहिले नव्वद दिवस निम्मा आणि चौकशी कामगाराच्या चुकीशिवाय लांबली तर पुढे पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. ‘डिस्चार्ज’ म्हणजे सेवामुक्त. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला तर आपण पेढे वाटतो, कारखान्यातून मिळाला तर नाही; पण त्यात कलंक असेलच असेही नाही. ‘डिसमिसल’ म्हणजे बडतर्फी, ती गैरवर्तनाची शिक्षा. सरकारी नोकरीत आणखी एक बारीक भेद आहे. महाराष्ट्र नागरी सेवा नियम १९७९ चे. त्यांत ‘रिमूव्हल’ आणि ‘डिसमिसल’ अशा दोन वेगळ्या शिक्षा आहेत. रिमूव्ह केलेल्या माणसाला पुन्हा सरकारी नोकरीस अपात्र धरत नाहीत. डिसमिस केलेल्याला साधारणपणे धरतात. मराठी प्रतीत पहिल्याला ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि दुसऱ्याला ‘बडतर्फ करणे’ म्हणतात. आपल्या बोलण्यात मात्र दोन्हीला ‘सस्पेंड झाला’ म्हणून मोकळे होतात! आणि ‘सुपरॲन्युएशन’ वाचून घाबरू नका. एक गृहस्थ ते पत्र घेऊन धावत आले होते, काहीतरी आरोप आहे असे वाटून. वय झाले, आता घरी बसा, एवढाच त्याचा अर्थ.

सरकारी आणि निमसरकारी नोकरीतल्या बंधूंना माझी एक विशेष विनंती आहे. ‘रेझिग्नेशन’ आणि ‘व्हॉलंटरी रिटायरमेंट’ हे दोन शब्द एक समजू नका. दोन्हीत तुम्ही स्वतःहून जाता, म्हणून ते सारखे वाटतात. पण पेन्शनच्या नियमांत राजीनाम्याने मागची सगळी सेवा पुसली जाते आणि स्वेच्छानिवृत्तीने ती धरली जाते. दिल्लीच्या वीजपुरवठ्यातल्या एका कर्मचाऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. साध्या मजुरीपासून सुरुवात केलेला माणूस, १९९० साली त्याने राजीनामा दिला. वीस वर्षे सेवा झाली आहे, तेव्हा माझा राजीनामा ही स्वेच्छानिवृत्तीच समजा आणि पेन्शन द्या, असे त्याचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: राजीनामा तो राजीनामा, पेन्शन नाही. एकोणतीस वर्षांनी कळले की अर्जावर वेगळा शब्द असायला हवा होता. त्याला हा फरक आधी कोणी समजावून सांगितला असता तर, असे मला राहून राहून वाटते.

व्ही.आर.एस. हा शब्द आपल्याकडे १९९१ नंतर घरोघर झाला. फेब्रुवारी १९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला, त्यातून सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीचे पैसे दिले गेले. लोक त्याला ‘गोल्डन हँडशेक’ म्हणत. सोने कोणाला लागले ते ज्याचे त्याला माहीत. अगदी अलीकडे, २०१९ साली बी.एस.एन.एल.च्या योजनेत ७८ हजारांवर कर्मचाऱ्यांनी अर्ज भरले आणि ३१ जानेवारी २०२० ला ते एकदम बाहेर पडले. या योजनांच्या कागदावर ‘एक्स-ग्रेशिया’ असा शब्द असतो. तो लॅटिन आहे. अर्थ, मेहेरबानीखातर. म्हणजे हा तुमचा कायदेशीर हक्क नव्हे, आम्ही खुशीने देतो. रक्कम मोठी असेल तर जरूर घ्या, पण ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि प्रॉव्हिडंट फंड हे हक्काचे पैसे त्या मेहेरबानीत मिसळून एकच आकडा दाखवला आहे का, ते आधी पाहा. मामांच्या पाकिटावरही ‘एक्स-ग्रेशिया’च टाइप केले होते. मीच केले होते.

आता हंगामी लोकांचे. ‘ब्रेक’ हा शब्द सगळ्यांना पाठ आहे. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की सलग सेवा धरतात, म्हणून २४० भरायच्या आत ब्रेक द्यायचा. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे स्टेट बँकेतल्या एका तात्पुरत्या कॅशियरचा खटला आला होता. नऊ दिवसांची नेमणूक, आणि नेमणुकीच्या त्याच पत्रात ती कधी संपणार हेही लिहिलेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी म्हटले की पत्र कसेही लिहा, नोकरी संपवली ती संपवलीच, ही रिट्रेंचमेंट आहे. मोठा दिलासा होता तो. पुढे १९८४ मध्ये कायदा बदलून मुदतीचा करार संपणे हे त्या व्याख्येतून काढले गेले. १९९० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने रिट्रेंचमेंटचा व्यापक अर्थ कायम ठेवला, पण करारवाल्यांचे दार तोवर लागले होते. नव्या संहितेतही मुदतीची नोकरी संपणे ही कपात नाही. एक बरे झाले, अशा मुदतीच्या नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्ष पुरते.

आपल्या वर्गातल्या एका मुलीचे सांगतो. अकरा महिन्यांच्या करारावर एका कार्यालयात होती. करार संपला. पुढच्या अर्जात ‘नोकरी सोडण्याचे कारण’ या रकान्यात तिने लिहिले, ‘टर्मिनेटेड’. खोटे नव्हते ते. टर्मिनेशन म्हणजे फक्त संपणे, कोणत्याही प्रकारे. पण मुलाखत घेणाऱ्याने तेवढ्यावर विचारले, ‘असे काय केले होतेस?’ पोर गोंधळली आणि रडकुंडीला येऊन परत आली. तिने लिहायला हवे होते, ‘एक्स्पायरी ऑफ कॉन्ट्रॅक्ट’. किंवा बोलताना, ‘माय कॉन्ट्रॅक्ट केम टु ॲन एंड.’ तसेच, कपात झालेल्याने ‘आय वॉज रिट्रेंच्ड’ किंवा ‘माय पोस्ट वॉज अबॉलिश्ड’ म्हणावे; कारखाना बंद पडला असेल तर ‘द फॅक्टरी क्लोज्ड डाऊन’. यात लाजण्यासारखे काही नाही आणि खोटेही काही नाही. ‘फायर्ड’ आणि ‘सॅक्ड’ हे शब्द सिनेमातून येतात. सॅक म्हणजे पिशवी. कारागिराला त्याच्या हत्यारांची पिशवी हातात दिली की काम संपले, अशी त्याची कथा सांगतात. दोन्ही शब्द बोलीतले, आणि दोन्हींत दोषाची छटा असते. अर्जावर ते कधीही नकोत. इंग्लंडला गेलेल्या आपल्या मुलांना ‘रिडंडंट’ शब्द भेटेल. तिथे १९६५ पासून रिडंडन्सीच्या भरपाईचा कायदा आहे. अर्थ साधारण आपल्या कपातीचाच. शब्दशः तो ‘जास्तीचा’ असला तरी अपमान मानू नका, पैसे मागा.

आणि कृपा करून ‘रिझाइन दिला’ म्हणू नका. रिझाइन हे क्रियापद आहे. ‘आय रिझाइन्ड’, किंवा ‘आय सबमिटेड माय रेझिग्नेशन’. आयटीतली मुले ‘पेपर टाकले’ म्हणतात, ते बोलायला ठीक आहे. ‘रिलीव्ह’ म्हणजे कार्यमुक्त करणे, आणि रिलीव्हिंग लेटर हातात पडल्याशिवाय दुसरीकडे हजर होऊ नका.

राजीनामा खरोखरच द्यायचा असेल तर ‘विथ इमिजिएट इफेक्ट’ हे शब्द टाळा, पुढची तारीख घाला. तारखेला किती किंमत असते पाहा. मे १९७७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी १ ऑगस्टपासून अमलात येईल असा राजीनामा पाठवला आणि जुलैमध्ये तो मागे घेतला. घेता येतो का, यावर वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ च्या निकालात ठरले की तारीख उजाडण्यापूर्वी तो मागे घेता येतो. न्यायमूर्तींना मन बदलता येते, तर आपल्याला का नाही?

माझ्यावर पाळी आली १९९३ साली. तोपर्यंत कारखान्यात शंभरपेक्षा कमी माणसे उरली होती, म्हणजे परवानगीचा प्रश्न उरला नव्हता. साहेब नवे, कागद तोच. या वेळी टाइप करणारा दुसरा मुलगा होता. मधल्या काळात मी संध्याकाळी एका कामगार वकिलांकडे टायपिंगला जात होतो, त्यामुळे शब्द डोळ्यांखालून गेले होते. मी म्हणालो, ‘साहेब, माझी काही वैयक्तिक कारणे नाहीत. तुम्हाला मी नको असेन तर तुम्ही पत्र द्या.’ चार दिवस मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले. मामा बसले होते तोच बाक. पाचव्या दिवशी पत्र आले, त्यात ‘रिट्रेंच्ड’ हा शब्द होता, महिन्याच्या नोटिशीचा पगार होता आणि पंधरा वर्षांची भरपाई होती. पैसे घेताना पावतीवर ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ छापलेले होते. त्याखाली मी सहीजवळ हाताने लिहिले, ‘रिसीव्ह्ड अंडर प्रोटेस्ट, विदाउट प्रेज्युडिस टु माय राइट्स.’ पैसे घेतले, पण हक्क सोडला नाही. हे एक वाक्य तरी आज प्रत्येकाने पाठ करून जावे. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा, ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’. सही ज्या भाषेत चालते त्या भाषेत हेही चालते.

त्या रात्री मामा घरी आले. त्यांना बातमी कळली होती. खाटेवर बसून म्हणाले, ‘तुझ्या कागदावर काय लिहिलंय रे?’ मी पत्र काढले आणि एकेका शब्दाचा अर्थ सांगत पूर्ण वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. नंतर त्यांनी आपला सहा वर्षांपूर्वीचा कागद आणायला मुलाला पाठवले आणि म्हणाले, ‘आता हा वाच.’ तो मी वाचला. माझ्याच हातचा मजकूर, पण वाचायला मला त्या पत्राहून जास्त वेळ लागला. ते रागावले नाहीत. चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या रविवारी त्यांनी धाकट्या मुलाला माझ्याकडे इंग्रजी शिकायला पाठवले. रविवारचा वर्ग तिथून सुरू झाला. सुरुवातीला एकच विद्यार्थी होता.

तर मित्रहो, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहाराच्या मागच्या खोलीत नेहमीप्रमाणे वर्ग आहे. वही आणू नका. घरातली नेमणुकीची पत्रे, कराराचे कागद, वडिलांचे किंवा आजोबांचे हिशेबाचे कागद असतील ते आणा. मूळ प्रत घरी ठेवून झेरॉक्स आणा. ज्या बायका घरकामाला, हॉस्पिटलात किंवा ठेकेदाराकडे सफाईला आहेत आणि ज्यांना कागद दिलेलाच नाही, त्यांनीही या. कागद नसताना हजेरीचा पुरावा कसा जपायचा, तो त्या दिवशीचा पहिला धडा आहे.